पाय रेतीत, आवाज फरशीवर

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत हिरालाल बांतेला ओळखणारी माणसं दोन प्रकारची. ज्यांच्या घरी बैल आहेत ती, आणि ज्यांना घोड्यांचे पिक्चर आवडतात ती. पहिल्या प्रकारची माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत. दुसऱ्या प्रकारची मुळातच दोन: कापडवाले टेकचंद आणि निवृत्त नर्स शोभाताई. पण या दोघांच्या संगतीत साठी उलटल्यावर हिरालालच्या वाट्याला जे आलं, ते भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही.

हिरालालचं काम बैलांना नाल ठोकण्याचं. दीड एकर धानाची शेती आहे, पण हात बसला तो नालावर. बापाकडून आलेलं काम. डांबरी रस्त्यावर बंडी ओढून बैलाचे खूर झिजतात, म्हणून त्यांना लोखंडी नाल लागतात. बैलाचा खूर मधोमध फाटलेला, म्हणजे एका पायाला दोन नाल, एका बैलाला आठ. बैलाला दोराने अलगद आडवं पाडायचं, पाय बांधायचे, खूर तासून सारखा करायचा आणि खिळा असा मारायचा की तो नखातून आरपार जाईल पण मांसाला शिवणार नाही. चाळीस वर्षांत हिरालालच्या हातून एक बैल लंगडा झाला नाही.

त्याच्या कानाची गोष्ट मात्र कोणी फारशी मनावर घेतली नव्हती. झाडाखाली मान खाली घालून तो एखाद्या बैलाचा खूर तासत असायचा. मागून दुसरी बंडी यायची. मान वर न करता तो म्हणायचा, "पुढचा उजवा. आतला नाल ढिला झाला." बंडीवाला उतरून पाहायचा, तर तसंच. लोक हसायचे, बिडी पुढे करायचे आणि विसरून जायचे. हिरालाललाही त्यात काही विशेष वाटत नसे. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला तवा तापल्याचं कळतं, तसंच हे, असं त्याला वाटे. उलट आपल्या कामाची त्याला थोडी लाजच होती. बँकेचा फॉर्म असो की मुलीच्या लग्नाची बोलणी, धंदा विचारला की तो म्हणायचा, "शेती."

घोड्यांच्या पिक्चरचं वेड त्याला बावीस-तेवीस वर्षांचा असताना लागलं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कोणीतरी तंबू ठोकून व्हिडिओ लावला होता. पिक्चर परदेशी. कोण कोणाला का मारतो, हे तंबूतल्या एकालाही कळलं नाही. टोपीवाले धूळ उडवत आले, टोपीवाले मेले. पण मध्येच, जेमतेम चार सेकंदं, एक म्हातारा दिसला. त्याने उभ्या घोड्याचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरला आणि नाल ठोकला. हिरालाल जागेवरून उठलाच. हिंदी पिक्चरमध्ये त्याने डॉक्टर पाहिले होते, वकील पाहिले होते, चोर आणि जमीनदार पाहिले होते. नाल ठोकणारा पडद्यावर आलेला त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तेही उभ्या जनावराला, न पाडता! त्या दिवशी तो तोच पिक्चर तीनदा बघत बसला. पुढे त्याच्या लक्षात आलं की असल्या पिक्चरमधल्या जवळपास प्रत्येक गावात एक लोहार, एक तबेला आणि एक नालवाला असतोच. मग जिथे मिळेल तिथे तो ते पाहू लागला. पोरांनी त्याला मोबाइल घेऊन दिला तेव्हा त्याने सगळ्यात आधी शिकून घेतलं ते हे पिक्चर शोधणं.

टेकचंद आणि शोभाताईंशी त्याची गाठ पडली तीही अशीच. पाच वर्षांपूर्वी बायको निर्मलाबाई टेकचंदच्या दुकानात लुगडी पाहत होती आणि हिरालाल बाकावर ताटकळत बसला होता. टेकचंदचं घराणं मूळचं विणकरांचं, पवनीकडचं. आजोबांनी माग चालवला, वडिलांनी दुकान टाकलं. गादीच्या मागे भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीवर हिंदीत डब केलेला घोड्यांचा पिक्चर चालू. टेकचंद गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवत होता आणि एक डोळा पडद्यावर ठेवून होता.

"हा घोडा लंगडून राहिला," हिरालाल बाकावरून बोलला.

"कोनता?" टेकचंदने विचारलं.

"काळा. मागचा डावा पाय चोरून टाकते. त्याच्यावरून उतराले पायजे होतं त्या मानसानं."

टेकचंदने पिक्चर मागे नेला. दोनदा पाहिला. घोडा खरंच पाय चोरत होता. टेकचंदने तो पिक्चर तोवर सहा वेळा पाहिला होता आणि त्याला ते कधी दिसलं नव्हतं. ब्लाउजचं कापड घ्यायला आलेल्या शोभाताई बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घोड्याचं सोडा हो. त्या मानसाले खांद्यात गोळी लागली, चाकूनं काढली, वरून दारू ओतली, अन् सकाळी हा घोड्यावर! आमच्या दवाखान्यात असा पेशंट आला असता तं तीन आठवडे उठू दिला नसता."

"म्हंजे तुमीबी पाहता?" टेकचंद चकित.

"नाइट ड्युटीच्या काळापासून पाहून राहिली," शोभाताई म्हणाल्या.

निर्मलाबाईचं लुगडं त्या दिवशी ठरलंच नाही. तिने पदर झटकून नवऱ्याला विचारलं, "मी इथं कायले आली होती, हे तरी ध्यानात हाय का तुमच्या?"

तेव्हापासून दुकान बंद असायचं त्या दिवशी दुपारी तिघं वरच्या माळ्यावर जमू लागले. नियम साधा. आठवड्यात एक पिक्चर तिघांनीही घरी पाहायचा आणि दुपारी येऊन मत सांगायचं. मोबाइलवर कोणी काय लिहिलं ते वाचून आलेलं मत चालायचं नाही. आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच बोलायचं.

मतं भरपूर असायची. शोभाताईंनी एकदा सांगितलं की यातले बरेच पिक्चर अमेरिकेचे नाहीतच. बनवले इटलीवाल्यांनी, शूटिंग केलं स्पेनच्या माळरानावर, आणि इटलीत शेवयांसारखं काहीतरी खातात म्हणून जगभर या पिक्चरना त्याच नावाने ओळखतात. हे ऐकल्यावर निर्मलाबाईने या तिघांचं नाव ठेवलं, शेवई मंडळ. तिघांनाही ते आवडलं.

"अमेरिकावाले आभाळ दाखवतात," टेकचंद म्हणायचा, "अन् हे शेवयावाले डोळे दाखवतात. बंदूक काढासाठी दहा मिनिटं लावतात, पन त्या दहा मिनिटांत मानूस आतून कसा हाय ते समजते."

"दहा मिनिटं नाही, सोळा," शोभाताई म्हणायच्या. "मी घड्याळ लावून पाहिलं. त्या मानसाचं बीपी किती चढलं असन!"

चर्चची घंटा चोरून खेचरावर लादून नेणाऱ्या एका भामट्याच्या पिक्चरवर दोन आठवडे वाद चालला. टेकचंदचं म्हणणं, पिक्चर झकास, पण तो भामटा नऊ दिवस वाळवंटात असूनही त्याच्या सदऱ्याची घडी मोडत नाही. "सुती कापड हाय ते. एका दिवसात चुरगळते. माह्यासमोर खोटं बोलू नये." हिरालालचं म्हणणं वेगळंच होतं. खेचरावर एवढी मोठी घंटा आहे, मग ते उतारावर पुढचे पाय एवढे सहज कसे टाकतं? घंटा नक्की हलक्या लाकडाची. शोभाताईंनी हात जोडले. "तुमच्या दोघांच्या संगतीत मानूस पिक्चरचा मजा घेऊ शकत नाही बाप्पा." पण पुढच्या आठवड्यात त्याच सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या असायच्या.

आणि मग ती दुपार आली. त्या आठवड्याचा पिक्चर एका खोगिरासाठी भांडणाऱ्या दोन भावांचा होता. टेकचंदने त्यातला एक तुकडा टीव्हीवर लावला. धाकटा भाऊ कोरड्या नदीतून घोड्यावर एकटा येतो. खाली सगळी रेती, वर ऊन, मागे शीळ घातल्यासारखं संगीत. टेकचंदला तो तुकडा फार आवडलेला.

हिरालाल डोळे मिटून बसला होता. टेकचंदला वाटलं त्याला झोप लागली.

"भाऊ, झोपले का?"

"नाही. आयकून राहिलो." हिरालालने डोळे उघडले. "टेकचंदभाऊ, पाय रेतीत हायेत अन् आवाज फरशीवर हाय."

"म्हंजे?"

"रेतीत पाय पडला तं आवाज घुसते, वर येत नाही. हे टकटक वाजून राहिलं. अन् दुसरं, घोडा साधा चालून राहिला. चालते तवा चार ठोके पायजेत. हे दोन-दोन वाजते, दुडक्या चालीचं. हा आवाज या घोड्याचा नाहीच. मागून कोनीतरी टाकला."

शोभाताईंनी लगेच मोबाइल काढला. पंधरा मिनिटं त्या चष्मा वर-खाली करत वाचत राहिल्या. मग मान वर केली. इटलीवाले त्या काळी शूटिंगच्या वेळचा आवाज बहुतेक वापरतच नसत. बोलणं, पावलं, दार, बंदूक, सगळं नंतर खोलीत बसून टाकायचे. पावलांचे आवाज काढणं हेच काम करणारी माणसं असतात, अजूनही आहेत.

"म्हंजे तुमी बरोबर सांगितलं," शोभाताई म्हणाल्या. "कोनी न सांगता."

टेकचंदने उठून हिरालालला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसला. ही गोष्ट हिरालालने घरी जाऊन निर्मलाबाईला दोनदा सांगितली.

शोभाताईंची भाची स्वाती एकोडीची. पुण्याला जाऊन फिल्म बनवायचं शिकून आली होती आणि गेल्या वर्षी धान कापणी झाल्यावर तिने आपल्याच गावात एक छोटा पिक्चर केला. अर्ध्या तासाचा. गोष्ट एका बंडी हाकणाऱ्या बाईची: तिची बैलजोडी चोरीला जाते आणि ती एकटी गावोगाव हिंडून ती परत आणते. बाईचं काम नाटकात काम करणाऱ्या एका बाईने केलं होतं. बोली सगळी इकडची, झाडीपट्टीची, आणि थाट सगळा शेवयांच्या पिक्चरचा. स्वातीने मावशीबरोबर लहानपणापासून तेच पाहिलेले.

कच्चा पिक्चर घेऊन ती शेवई मंडळाकडे आली. "पुण्याचे लोक छान-छानच म्हणतात," ती म्हणाली. "मावशी म्हणाली, खरं ऐकायचं असेल तर इथे ये."

तिघांनी पाहिलं. टेकचंद म्हणाला, रंग झकास आहे, पण बाईचं लुगडं तिसऱ्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकंच स्वच्छ आहे. शोभाताई म्हणाल्या, चोर पडतो तेव्हा डोकं आपटतं आणि रक्त गुडघ्यातून येतं. स्वाती वहीत लिहून घेत होती.

"काका, तुम्हाला काय वाटलं?" तिने हिरालालला विचारलं.

"बैल कुठं हायेत?" हिरालालने विचारलं.

"म्हणजे? समोर तर आहेत."

"दिसून राहिले. आयकू नाही येत. हे घोड्याचे पाय हायेत, पोरी. अन् तेही इथल्या घोड्याचे नाहीत."

स्वातीचा चेहरा पडला. शूटिंगच्या वेळी वारा होता, महामार्गावर ट्रक होते, शेजारच्या शेतात धान मळायची मशीन चालू होती. सगळा आवाज वाया गेला होता. तिने कॉम्प्युटरवर मिळाले ते खुरांचे आवाज बसवले होते. बैलांचे मिळाले नाहीत, घोड्यांचे मिळाले.

"बैलाचा पाय दोन वेळा बोलते," हिरालालने तिला समजावलं. आपल्या डाव्या हाताची दोन बोटं त्याने सतरंजीवर आधी टेकवली, मग दाबून फाकवली. "आधी टेकते. मंग वजन येते, खूर फाकते, अन् जमीन आवाज देते. नाल असन तं वेगळा, नसन तं वेगळा. बांधावर वेगळा, मुरमावर वेगळा."

स्वाती त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने वही मिटली. "काका, तुम्ही काढाल का हे आवाज?"

हिरालाल हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती.

पुढचा सव्वा महिना टेकचंदचा माळा कारखाना झाला. कापडाचे गठ्ठे चारही भिंतींना लावल्यावर बाहेरचा आवाज आत येईना. हिरालालने सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून आणली. जिथे जिथे शूटिंग झालं होतं तिथलीच: धानाच्या बांधीतली, म्हणजे खाचरातली, वाळून भेगाळलेली, तलावाच्या पोटातली चिकट, रस्त्याकडेचा मुरूम. पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ती पसरली. स्वातीने माइक लावला, पडद्यावर बैल चालू केले. हिरालालने दोन्ही हातांत जुने नाल धरले आणि सुरू झाला.

पहिल्या दिवशी सगळं फसलं. स्वातीने ऐकवलं तेव्हा हिरालालच ओशाळला. बैल चालत नव्हते. कोणीतरी खिळे ठोकत होतं. चाळीस वर्षं ज्या हाताने घाव घातला, तो हात घावच घालत होता.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "माह्या हाताले ठोकनंच येते."

तो दोन दिवस माळ्यावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरचा बैल सोडला आणि निर्मलाबाईला म्हणाला, "याले माह्या भोवताल फिरव." आणि स्वतः अंगणाच्या मधोमध डोळे मिटून बसला. बैल फिरत होता, निर्मलाबाई दोर धरून मागे, शेजारच्या बाया कुंपणावरून पाहत होत्या. निर्मलाबाईने दहा फेऱ्या मारल्या, वीस मारल्या.

"काय सापडून राहिलं का?" तिने विचारलं.

"वजन," हिरालाल म्हणाला. "मी पाय टाकून राहिलो होतो. हा पाय ठेवते."

परत जाताना त्याने बाभळीचे चार ठोकळे घडवून नेले. प्रत्येकाला खाली फट ठेवली, खुरासारखी. वर ट्यूबचं रबर, खाली झिजलेले नाल. आता हाताने घाव घालायचा नाही. मनगट ढिलं सोडायचं आणि खांद्याचं वजन हळूच वर आणायचं. ठोकळा टेकला, फाकला, मातीने उत्तर दिलं. स्वातीने कानावरचे हेडफोन काढून नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हिरालालला कळलं, जमलं.

मग बाकीच्यांनाही चेव आला. टेकचंदने जाडंभरडं सुती कापड ओलं करून झटकलं, वाऱ्यात पदराचा आवाज आला. त्याने चार प्रकारची कापडं झटकून पाहिली आणि बाईच्या अंगावर लुगडं कोणत्या पोताचं आहे त्याप्रमाणेच एक ठरवलं. शोभाताईंनी बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा रबरी फुगा आणला. तो माइकशी धरून दाबला की दमलेला बैल नाकातून फुसकारल्यासारखा आवाज यायचा. "तीस वर्षं याच्यावर मानसं मोजली," त्या म्हणाल्या, "आता बैल."

एक दृश्य राहिलं होतं. बाई चोराला ओळखते ते. स्वातीने ते असं लिहिलं होतं की बाई चहाच्या टपरीवर बसलेली असते, मागून बंडी जाते, ती वळते आणि बैलाच्या कपाळावरच्या पांढऱ्या चांदाने त्याला ओळखते. हिरालाल ठोकळे घेऊन बसला होता. तो थांबला.

"ही बाई बंडीवाली हाय ना?"

"हो."

"मंग तिले वळाचं काम काय? आपला बैल मागून आला तं मानूस आयकून ओळखते. या बैलाच्या मागच्या डाव्या पायाचे दोन्ही नाल निसटले म्हना. तीन पाय वाजतीन, चवथा मुका येईन. तिच्या हातातला कप तिथंच थांबन. चांद मंग दाखव, पायजे तं."

दुसऱ्या दिवशी स्वाती कॅमेरा घेऊन एकोडीला गेली आणि त्या बाईचं पाठमोरं, कप तोंडाशी नेताना थांबलेलं एकच दृश्य पुन्हा करून आली. मागचा रस्ता मुद्दाम धूसर ठेवला. तिथे बैल दिसणारच नव्हता. तिथे बैल हिरालालने आणायचा होता.

त्या बारा सेकंदांसाठी तो चार दुपारी बसला. तीन ठोकळ्यांना नाल, चौथा उघडा. उघड्या पायावर बैल वजन कमी टाकतो, म्हणून पुढचं पाऊल किंचित लवकर येतं. हे त्याने कोणाला विचारलं नाही, त्याला कोणी शिकवलंही नव्हतं.

पिक्चर पुरा झाल्यावर स्वाती शेवटी येणाऱ्या नावांची यादी घेऊन आली. "काका, तुमच्या नावापुढे काय लिहू? ध्वनी-सहायक लिहू? कलाकार लिहू?"

हिरालालने यादी हातात घेतली. आजवर भरलेल्या सगळ्या फॉर्ममध्ये त्याने 'शेती' लिहिलं होतं. तो म्हणाला, "लिह. बैलांचे पाय, हिरालाल बांते. अन् खाली लिह, नाल ठोकनारा, लाखनी."

पिक्चर पहिल्यांदा एकोडीतच दाखवायचं ठरलं. दुपारची वेळ. ग्रामपंचायतीच्या सभागृहाच्या खिडक्यांना धान झाकायच्या काळ्या ताडपत्र्या बांधल्या. दीड-दोनशे माणसं आली. बहुतेक शेतकरी, बाया, नाटकातल्या बाईचे नातेवाईक. हिरालाल इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसला, एका बाजूला निर्मलाबाई, दुसऱ्या बाजूला टेकचंद आणि शोभाताई.

सुरुवातीला लोक आपापली शेतं आणि बांध ओळखत होते, हसत होते. मग हळूहळू गोष्टीत शिरले. बाई पायी निघाली, गावं मागे पडली. टपरी आली. बाई पाठमोरी बसली, कप उचलला.

रस्ता धूसर होता. दिसत काहीच नव्हतं. नुसती पावलं आली. ठक्, ठक्, ठक्, आणि एक मुकं. ठक्, ठक्, ठक्, आणि एक मुकं.

हिरालालची बोटं मांडीवर तीच पावलं ठेवत होती.

मागून एक म्हातारा, ईश्वर नावाचा, मोठ्याने बोलून गेला, "अरे, याच्या एका पायाले नाल नाही!"

"बैल तिचाच हाय!" दुसऱ्या बाजूने कोणीतरी ओरडलं.

बाई अजून वळली नव्हती. पडद्यावर अजून काही दिसलं नव्हतं. पण सभागृहातल्या माणसांना कळलं होतं, आणि ती सगळी एकदम पुढे सरकून बसली. बाई वळली तेव्हा सगळीकडून टाळ्या पडल्या.

टेकचंदने हिरालालचा दंड धरला होता तो सोडलाच नाही. निर्मलाबाई नवऱ्याकडे वाकली. "हे तुमीच ना?"

"बैल हाय," हिरालाल पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला.

"बैल कुठं दिसून राहिला? तुमीच हाय ते." आणि पलीकडे बसलेल्या अनोळखी बाईला तिने कोपराने ढोसून सांगितलं, "आमच्या घरचे पाय हायेत ते!"

शेवटी नावं आली. हिरालालचं नाव आलं, खाली 'नाल ठोकणारा, लाखनी' आलं. स्वातीने 'न'चा 'ण' केला होता, बाकी तसंच. ईश्वर काठी टेकत पुढे आला. "तुमीच का ते नालवाले? अजून ठोकता?" हिरालाल म्हणाला, "ठोकतो." त्याच दिवशी, सभागृहाच्या मागच्या पिंपळाखाली त्याला तीन बैल पाहावे लागले. इस्त्रीच्या सदऱ्यावर माती लागली.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी शेवई मंडळ बसलं, आणि नियमाप्रमाणे या पिक्चरवरही मतं झाली. टेकचंदने घसा साफ केला. म्हणाला, पिक्चर चांगला आहे, पदराचा आवाज तर फारच चांगला आहे. शोभाताई म्हणाल्या, शेवटच्या भांडणात बाई चोराला फार लवकर माफ करते, ते त्यांना पटलं नाही. मग दोघं हिरालालकडे पाहू लागले.

"तलावातल्या सीनमध्ये," हिरालाल म्हणाला, "तिसऱ्यांदा पाय उचलते तवा चिखल पुरता सोडत नाही. तो आवाज मी चुकवला. बाकी ठीक हाय."

"तो चुकलेला कोनाले आयकू आला?" शोभाताईंनी विचारलं.

"मले आला ना."

स्वातीचा पिक्चर पुढे नागपूरला आणि पुण्यालाही दाखवला गेला. पावसाळ्यापूर्वी तिचा फोन आला. तिच्याबरोबर शिकलेला एक जण घोड्याचा पिक्चर करतोय, माळरानावरचा, आणि त्याला हिरालालच हवे आहेत. हिरालालने लगेच हो म्हटलं नाही. घोडा त्याने चाळीस वर्षं पडद्यावर पाहिला होता आणि पडद्यावरचा आवाज किती खोटा असतो ते आता त्याला चांगलंच ठाऊक होतं. "मले पंधरा दिवस दे," तो म्हणाला.

भंडाऱ्याला गुलाब नावाचा एक माणूस वरातीसाठी घोड्या ठेवतो. हिरालाल सकाळच्या गाडीने त्याच्याकडे गेला. गुलाबने विचारलं, लग्न कोणाचं, तारीख कोणती.

"लग्न नाही," हिरालाल म्हणाला. "मी बैलांचे नाल ठोकतो. पिक्चरमध्ये पायांचे आवाज काढतो. तुमची घोडी थोडी चालवून दाखवा. आधी मातीवर, मंग रस्त्यावर."

गुलाबने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पांढरी घोडी सोडून आणली. हिरालालने बाजूला पडलेली विटांची थप्पी पाहिली, तिच्यावर बसला, चपला काढून तळवे जमिनीला टेकवले आणि डोळे मिटले.